हीटरचा नॉब लाल खुणेवर, हवा मात्र गार: दोष कुठून आणि कसा शोधायचा

पावसाळ्यात वाईहून पसरणी घाट चढायला लागलं की निम्म्या घाटातच समोरची काच आतून धुरकटते. हीटरचा नॉब लाल खुणेपर्यंत फिरवला, पंखा तीनवर टाकला, तरी जाळीतून गारच हवा येते. आपल्याकडे हीटरची आठवण होते ती अशा वेळी. थंडीतल्या पहाटे वेण्णा तलावाच्या काठावर दव गोठतं तेव्हा तो लागतोच, पण त्याहून जास्त लागतो पावसाळ्यात, काच साफ ठेवायला. उरलेले सात-आठ महिने त्या नॉबला कोणी हात लावत नाही. त्यामुळे हीटर नेमका कधी बंद पडला हे कुणालाच सांगता येत नाही. खोदत गेलं तर कारण बहुतेक वेळा मागच्या उन्हाळ्यात सापडतं: गाडी गरम होते म्हणून कुणीतरी थर्मोस्टॅट (इंजिनाच्या पाण्याचं तापमान सांभाळणारी झडप) काढून टाकलेला असतो, नाहीतर कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या, जागी नळाचं किंवा बोअरचं पाणी ओतलेलं असतं.

पेट्रोल, डिझेल किंवा सीएनजी गाडीच्या हीटरला स्वतःची उष्णता नसते. इंजिनातून फिरून तापलेलं पाणी (म्हणजे कूलंटच, बोलताना त्याला पाणीच म्हणतात) दोन रबरी होजमधून डॅशबोर्डच्या मागे जातं. तिथे वहीएवढा छोटा रेडिएटर बसवलेला असतो, त्याला मेकॅनिक हीटर कॉइल म्हणतात. पंखा त्या कॉइलवरून हवा ढकलतो. म्हणून हीटर गार पडणं ही आधी इंजिनाच्या पाण्याची तक्रार असते, डॅशबोर्डची नंतर. गॅरेजमध्ये कुणी पहिल्याच दिवशी 'डॅशबोर्ड खोलावा लागेल' म्हणालं, तर त्याला थांबवा. खाली दिलेल्या क्रमातल्या पहिल्या तीन तपासण्यांना एक पैसा लागत नाही.

चालत्या गाडीत हीटर अचानक गार पडला तर

बाकी सगळं वाचण्याआधी एवढं लक्षात ठेवा. हीटर छान गरम हवा देत होता, मध्येच गार झाला आणि तापमानाचा काटा वर सरकायला लागला, तर बहुधा पाणी वाहून गेलेलं आहे. कॉइलपर्यंत पाणीच पोचत नाही म्हणून हवा गार. अशा वेळी तापमानाचा सेन्सरही पाण्याबाहेर उघडा पडू शकतो आणि काटा खोटं सांगू शकतो, म्हणून काटा लाल होण्याची वाट पाहू नका. गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा. घाटात 'अजून दोनच वळणं' म्हणून ओढलेली गाडी इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, वाकवून बसते आणि काहीशे रुपयांच्या होजचं काम काही हजारांत जातं.

याच्या उलट, चढावर काटा वर जातोय पण हीटर कडक गरम हवा देतोय, तर पाणी आहे आणि फिरतंय. मग एसी बंद करा, हीटर आणि पंखा पूर्ण चालू करा, खिडक्या उघडा. हीटर कॉइल दुसऱ्या रेडिएटरचं काम करते आणि थांबायला सुरक्षित जागा मिळेपर्यंत वेळ निघतो.

तपासणीआधी

लागणारं सामान थोडं आहे: टॉर्च, जाड हातमोजे, पक्कड, दहा नंबरचा पाना आणि स्क्रू-ड्रायव्हर, फनेल, बादली, आणि गाडीच्या मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या जातीचं दोन-तीन लिटर तयार कूलंट. स्वयंपाकघरातला टोचायचा थर्मामीटर असला तर उत्तम. मोबाइलला जोडता येणारा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातले आकडे दाखवणारं यंत्र) असला तर निम्मं काम सोपं होतं, कारण हल्लीच्या कित्येक गाड्यांत काटाच नसतो, नुसता निळा (इंजिन थंड) आणि लाल (फार गरम) दिवा असतो. बंदुकीसारखा इन्फ्रारेड थर्मामीटर वापरणार असाल तर तो काळ्या रबरावर धरा. चकचकीत ॲल्युमिनियमवर तो खूप कमी तापमान दाखवतो आणि गरम पाइपला गार ठरवतो.

रेडिएटरचं झाकण गरम इंजिनावर उघडायचं नाही, कपडा धरूनही नाही. आत दाबाखालचं पाणी शंभर अंशांच्या वर असू शकतं. झाकण सुटलं की ते एका क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं. रात्रभर उभी असलेली गाडी तपासायला सगळ्यात चांगली. आणि इंजिन चालू ठेवून करायचं प्रत्येक काम उघड्यावर करा, शटर ओढलेल्या गॅरेजात नाही.

गाडीला खरंच हीटर आहे ना, हेही बघून घ्या. जुन्या गाड्यांच्या बेस मॉडेलमध्ये फक्त एसी असायचा. नॉबवर निळी खूण आहे पण लाल नाही, असं दिसलं तर शोध तिथेच संपला.

पाण्याची पातळी

थंड इंजिनावर बोनेट उघडा. प्लॅस्टिकच्या टाकीवर मिनिमम-मॅक्सिमम अशा दोन रेघा असतात, पाणी त्यांच्या मध्ये हवं. इथे बरेच जण फसतात. रेडिएटरला वेगळं झाकण असलेल्या गाडीत टाकी भरलेली आणि रेडिएटर अर्धा रिकामा असू शकतो. इंजिन थंड होताना रेडिएटर टाकीतलं पाणी परत ओढून घेतो. झाकणाचं रबर कडक झालं असेल किंवा टाकीची बारीक नळी चिरली असेल तर पाण्याऐवजी हवा ओढली जाते. म्हणून झाकण उघडून आत डोकवा. पाणी तोंडापाशी शिगोशीग दिसलं पाहिजे. काही गाड्यांत रेडिएटरला झाकणच नसतं, टाकीच दाबाखाली असते. तिथे टाकीची रेघ खरी.

पाणी कमी असल्याच्या खुणा ठरलेल्या आहेत. सिग्नलला उभं असताना हवा गार, रेस दिली की कोमट, परत सोडली की गार. गाडी सुरू करताना डॅशबोर्डच्या मागे ओहोळासारखी खळखळ. हीटर कॉइल बऱ्याच गाड्यांत उंचावर असते, त्यामुळे पाणी अर्धा-पाऊण लिटर कमी झालं की आधी उपाशी राहते ती कॉइल. इंजिनाला अजून काही कळलेलंही नसतं.

पाणी कमी निघालं तर भरा, पण ते गेलं कुठे हे शोधल्याशिवाय विषय बंद करू नका. वॉटर पंपाच्या खालचं बारीक भोक, होजची टोकं, रेडिएटरचे प्लॅस्टिकचे कडेचे डबे, आणि समोरच्या डाव्या सीटखालचं कार्पेट, एवढ्या जागा बघा. सुकलेलं कूलंट पांढरट किंवा रंगीत पापुद्रा सोडून जातं.

झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो. तो दाब आहे, बारमध्ये. या दाबामुळे आतलं पाणी १२० अंशांच्या आसपास गेल्याशिवाय उकळत नाही. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साडेतेराशे मीटरच्या आसपास आहे, तिथे उघड्या भांड्यातलं साधं पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. झाकण दाब धरत नसेल तर सांगलीत बिनतक्रार चालणारी गाडी वर पोचता पोचता उकळते, ती यामुळे. झाकण स्वस्त असतं. शंका आली तर त्याच आकड्याचं नवं लावा, जास्त आकड्याचं नाही.

इंजिन तापतंय का? थर्मोस्टॅटची गोष्ट

पाणी भरलेलं आहे आणि हवा कोमटच येते, तर संशय थर्मोस्टॅटवर घ्या. आपल्या भागात तर आधी त्याच्यावरच.

थर्मोस्टॅट म्हणजे मेणाच्या कुपीवर चालणारी झडप. इंजिन थंड असताना ती रेडिएटरचा रस्ता बंद ठेवते, म्हणजे थोडंच पाणी इंजिनात आणि हीटरमध्ये फिरून लवकर तापतं. पाणी साधारण ८२ ते ८८ अंशांवर गेलं की मेण वितळून फुगतं आणि झडप उघडायला लागते. झडप उघडी अडकली, किंवा मुळात नसलीच, तर पहिल्या मिनिटापासून सगळं पाणी रेडिएटरमधून थंड होत राहतं. हिवाळ्यात हायवेला ८० च्या वेगाने वारा लागला की पाणी साठ-पासष्ट अंशांच्या वर जातच नाही. मग हीटरला उष्णता मिळणार कुठून?

तपासणी सोपी आहे. सकाळी थंड गाडी सुरू करा आणि रेडिएटरच्या वरच्या मोठ्या होजवर हात ठेवा. थर्मोस्टॅट ठीक असेल तर होज बराच वेळ गार राहतो आणि मग एक-दोन मिनिटांत चटका बसेल इतका गरम होतो. पहिल्यापासूनच हळूहळू कोमट होत गेला तर झडप उघडी आहे किंवा काढलेली आहे. काही इंजिनांत थर्मोस्टॅट खालच्या होजच्या बाजूला असतो, तिथे हीच परीक्षा खालच्या होजवर घ्या. हात घालताना पंख्यापासून दूर राहा, तो न सांगता सुरू होतो.

दुसरी तपासणी रस्त्यावर. सांगलीहून मिरजेला जाऊन याल एवढी गाडी चालवा आणि स्कॅनरवर पाण्याचं तापमान बघत राहा. ते ८५ ते ९५ च्या दरम्यान पोचून तिथेच टिकलं पाहिजे. मोकळ्या रस्त्यावर ६५ आणि गर्दीत शिरल्यावर ८५, असा झोका दिसला तर निदान झालं. स्कॅनर नसेल तर निळा दिवा बघा. दहा किलोमीटरनंतरही तो विझत नसेल किंवा उतारावर परत लागत असेल, तर अर्थ तोच. फक्त लांबलचक घाट गिअरमध्ये उतरताना थोडं तापमान घसरणं साहजिक आहे, तेव्हा इंजिनात इंधनच जळत नसतं. आणि डिझेल गाडी जागेवर उभी करून हीटर तपासू नका. आजची डिझेल इंजिनं आयडलला फार थोडी उष्णता सोडतात, वीस मिनिटं उभी राहूनही ती नीट तापत नाहीत.

आता 'वॉल (म्हणजे थर्मोस्टॅटची झडप) काढून टाका' या सल्ल्याबद्दल. सांगली-मिरजेकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, गाडी गरम होते, आणि कुणीतरी सांगतं की थर्मोस्टॅट काढला की कटकट मिटली. मिटत नाही. इंजिन कायम थंड चालतं म्हणून संगणक जास्त इंधन सोडत राहतो, ॲव्हरेज पडतं, न जळलेलं इंधन ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइलचा चिखल होतो. गंमत म्हणजे काही इंजिनांत गाडी उलट जास्त गरम होते. तिथे थर्मोस्टॅटच्या मागच्या बाजूला दुसरी चकती असते. झडप उघडली की ही चकती बायपासचा रस्ता बंद करते, म्हणजे सगळं पाणी रेडिएटरकडे जातं. थर्मोस्टॅटच नसेल तर बायपास कायम उघडा राहतो, बरंच पाणी रेडिएटरला टाळून परत इंजिनात येतं आणि भर घाटात काटा वर जातो. जुनी गाडी घेतली असेल तर थर्मोस्टॅट जागेवर आहे की नाही हे त्याचं घर, म्हणजे तो बसतो तो डबा, उघडून बघाच. सापडेल ते रिकामं घरच, असं वारंवार होतं.

काढलेला थर्मोस्टॅट तपासायचा तर तो दोऱ्याने पातेल्यातल्या पाण्यात लटकवा, बुडाला टेकू देऊ नका. शेजारी थर्मामीटर धरून पाणी तापवा. त्याच्यावर छापलेल्या अंशांच्या दोन-तीन अंश अलीकडे-पलीकडे झडप हलायला हवी आणि पाणी उकळीला येईपर्यंत सात-आठ मिलिमीटर उघडायला हवी. थंड पाण्यात टाकल्यावर घट्ट मिटलीही पाहिजे. नवा बसवताना गाडीसाठी सांगितलेल्याच अंशांचा घ्या. 'आपल्याकडे गरमी आहे, ७६ चा टाका' हे ऐकू नका. त्याच्या काठावर बारीक भोकात हलणारी एक पिन असते, ती वरच्या बाजूला आली पाहिजे. अडकलेली हवा तिथून निघते. गास्केट किंवा ओ-रिंग प्रत्येक वेळी नवी घाला.

दोन होज, चार उत्तरं

इंजिन पूर्ण तापलं, पाणी पुरेसं आहे, तरी हवा गार. आता इंजिन आणि केबिनच्या मधल्या भिंतीतून आत जाणारे अंगठ्याएवढ्या जाडीचे दोन होज शोधा. नॉब पूर्ण लाल, पंखा मध्यम, इंजिन चालू. दोन्ही होज जपून चाचपा किंवा थर्मामीटरने मोजा.

दोन्ही कडक गरम, फरक दहा-पंधरा अंशांच्या आत: पाणी कॉइलमधून नीट वाहतंय, दोष डॅशबोर्डच्या आत आहे. एक कडक गरम आणि दुसरा कोमट किंवा गार: कॉइल तुंबली आहे, किंवा तिच्यात हवा धरली आहे. दोन्ही गार: पाणी येतच नाही, म्हणजे हीटरचा वॉल (पाणी सोडणारी-अडवणारी झडप) बंद, मोठा एअर लॉक (वाट अडवणारी अडकलेली हवा) किंवा पंपात दम नाही. दोन्ही नुसते कोमट: वरच्या थर्मोस्टॅटच्या भागाकडे परत जा, इंजिनच तापलेलं नाही.

हीटरचा वॉल सगळ्या गाड्यांत नसतो. बऱ्याच जुन्या छोट्या गाड्यांत तो होजवरच बसवलेला आणि केबलने ओढला जाणारा असतो. कुणालातरी आत बसवून नॉब फिरवायला सांगा आणि वॉलची दांडी हलते का बघा. वर्षभर न हललेली दांडी क्षारांनी चिकटते. गंज सोडवणारा स्प्रे मारून हाताने मागेपुढे करा, पण जोर लावू नका. प्लॅस्टिकचा वॉल असेल तर तुटून पाणी तिथूनच सुटेल.

अडकलेली हवा काढणं

रेडिएटर, होज, पंप, काहीही खोलून परत भरलं आणि त्यानंतर हीटर गार पडला, तर एअर लॉकच समजा.

गाडी चढावर उभी करा, तोंड वर. आपल्याकडे चढ शोधावा लागत नाही. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दगड लावा. तोंड वर केल्याने भरण्याची जागा सगळ्यात उंच येते आणि हवा तिकडे धावते. इंजिन थंड असताना झाकण काढा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा, एसी बंद. कूलंट अगदी हळू, धार तुटू न देता ओता. एक लिटर ओतल्यावर थांबून वरचा होज आणि हीटरचे होज हाताने दाबा-सोडा. बुडबुडे येतील, पातळी खाली जाईल, परत भरा. थर्मोस्टॅटच्या घरावर किंवा हीटरच्या पाइपवर हवा काढायचा छोटा स्क्रू असेल तर तो दोन आटे सैल करा आणि बुडबुड्यांशिवाय सलग धार आली की बंद करा. हा स्क्रू बहुधा प्लॅस्टिकचा असतो, पिळला तर मोडतो.

आता झाकण न लावता इंजिन सुरू करा. पाच-सात मिनिटांनी रेस १५०० ते २००० वर एक मिनिट धरा, सोडा, पुन्हा धरा. पातळी घसरेल तसं भरत राहा. थर्मोस्टॅट उघडला की पाणी एकदम खाली जातं किंवा उसळून वर येतं, तेव्हा तोंड लांब ठेवा. पाणी उसळायला लागलं की झाकण लावा. मग रेडिएटरचा पंखा दोनदा सुरू होऊन बंद होईपर्यंत इंजिन चालू ठेवा. तोवर जाळीतून गरम हवा यायला हवी. जाळीत थर्मामीटर खोचला तर बाहेर थंडी असतानाही पन्नास अंशांच्या आसपास आकडा दिसतो.

हवा निघाली, चार दिवसांनी पुन्हा धरली, पुन्हा काढली, पुन्हा धरली, असं चाललं असेल आणि झाकण, नळी, होज ठीक असतील, तर ती बाहेरून येत नाहीये. बहुधा हेड गास्केटमधून, म्हणजे हेड आणि इंजिनाच्या मधल्या पातळ थरातून, जळलेला वायू पाण्यात शिरतोय. थंड इंजिन सुरू करताच पाण्यात सतत बुडबुडे, ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चहासारखी साय, गोडसर वासाचा पांढरा धूर, यातलं एकही दिसलं तर घरचे प्रयोग थांबवा. गॅरेजमध्ये पाण्यातला वायू तपासायचं निळं रसायन असतं, ते पिवळं झालं की निकाल लागला. काही वेळा गास्केट ठणठणीत असतं आणि पंपाची पाती झिजलेली निघतात. तेव्हा पाणी भरलेलं, हवा नाही, तरी हीटर फक्त जास्त रेसलाच गरम होतो.

बाहेरून सीएनजी किट बसवलं असेल तर

सीएनजीचा दाब रिड्यूसरमध्ये उतरताना वायू इतका थंड होतो की रिड्यूसर गोठू शकतो. म्हणून त्याला इंजिनाचं गरम पाणी दिलेलं असतं, आणि ते बहुतेक वेळा हीटरच्याच होजला टी (तीन तोंडांची जोडणी) लावून घेतलेलं असतं. किट बसवल्यानंतर हीटर मंदावला असेल तर या जोडण्या बघा. टी बारीक तोंडाचा आहे का, नवा होज वळणावर दुमडलाय का, क्लिप झिरपतेय का. पाण्याला रिड्यूसरमधून जाणं सोपं पडत असेल तर ते कॉइलकडे फिरकत नाही. थंडीत गाडी पेट्रोलवरून सीएनजीवर जायला नेहमीपेक्षा खूप वेळ घेते, किंवा रिड्यूसरवर बर्फाचा थर दिसतो, आणि सोबत हीटरही गार आहे. दोन्हीचं कारण एकच: पाणी कमी आहे किंवा हवा धरली आहे. होजची जोडणी बदलायची तर किट बसवणाऱ्या अधिकृत केंद्रातच बदला. गॅसच्या पाइपला घरी हात लावायचा नाही.

तुंबलेली कॉइल

ज्या पाण्याने घरातल्या भांड्यांवर पांढरा थर धरतो, तेच पाणी रेडिएटरमध्ये ओतलं तर तिथेही थर धरणार. माण-खटाव, जत-आटपाडीकडे बोअरचं पाणी सहज हाताशी असतं, म्हणून तेच ओतलं जातं. गंज आणि क्षार मिळून तपकिरी गाळ होतो आणि कॉइलच्या बारीक नळ्यांत बसतो. मोठ्या रेडिएटरला तो जाणवायला वर्षं लागतात.

आणि हळद. रेडिएटर गळायला लागला की मूठभर हळद टाकायची, ही युक्ती ट्रकवाल्यांपासून सगळ्यांना ठाऊक आहे. रात्री रस्त्यात अडकल्यावर ती घरापर्यंत पोचवतेही. पण हळद फक्त गळतीचं भोक बुजवत नाही. ती सगळ्यात अरुंद वाट आधी बुजवते, आणि ती वाट म्हणजे हीटर कॉइल. बाजारातल्या गळती थांबवणाऱ्या पावडरींचंही तसंच. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते स्वयंपाकासाठी.

कॉइल धुवायची पद्धत अशी. थंड इंजिनावर दोन्ही होजच्या क्लिपा सरकवा. जुना होज कॉइलच्या नळीला चिकटलेला असतो, तो ओढू नका. जराशी पीळ देऊन सुटत नसेल तर ब्लेडने लांबीत चिरा आणि नवा लावा. कॉइलची नळी वाकली किंवा तुटली तर मग खरोखरच डॅशबोर्ड खोलावा लागतो. बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या बाजूने, म्हणजे उलट दिशेने, बागेच्या पाइपने हळू पाणी सोडा. नळाचा निम्मा जोर पुरे. कॉम्प्रेसरची हवा किंवा गाडी धुवायचा प्रेशर पंप लावला तर कॉइल फुटते. निघणारं पाणी बादलीत घ्या, पहिल्यांदा चॉकलेटी येईल. दिशा बदला, पुन्हा उलटी करा, धार स्वच्छ आणि जोरदार होईपर्यंत.

धार बारीकच राहिली तर दुकानात मिळणारं रेडिएटर फ्लश लेबलवर लिहिल्याप्रमाणे वापरा. क्षारच असतील तर लिंबूसत्वही चालतं, लिटरभर कोमट पाण्यात वीस-पंचवीस ग्रॅम, वीस मिनिटं, त्याहून जास्त नाही, आणि मग भरपूर पाण्याने धुणं. कॉइल बहुतेक गाड्यांत ॲल्युमिनियमची असते. फरशी पुसायचं ॲसिड तिला खाऊन टाकतं. शेवटचं धुणं डिस्टिल्ड पाण्याने करा, नाहीतर धुताना घातलेले क्षार आतच राहतात. दोनदा धुऊनही दोन होजमधला फरक वीस-तीस अंशांच्या खाली येत नसेल तर कॉइल बदलायची वेळ आली. भाग फार महाग नसतो, मजुरी असते: बऱ्याच गाड्यांत पूर्ण डॅशबोर्ड उतरवावा लागतो आणि एक-दोन दिवस जातात. मात्र काही मॉडेलांत ती पायापाशी बाजूने निघते, म्हणून भाव ठरवण्याआधी मॉडेलनुसार विचारा.

दोन्ही होज गरम, हवा गार

आता डॅशबोर्डकडे वळायला हरकत नाही. आतमध्ये एक झापड असते. ती हवा कॉइलवरून न्यायची की बाजूने, हे ठरवते. साध्या गाडीत नॉबपासून झापडेपर्यंत केबल असते. नॉब अगदी हलका फिरतो, काही अडत नाही, असं लागलं तर केबल क्लिपमधून निसटली आहे. ग्लोव्ह बॉक्स काढून किंवा ड्रायव्हरच्या पायापाशी टॉर्च मारून हीटरच्या डब्यावरची दांडी शोधा आणि हाताने दुसऱ्या टोकाला ढकला. गरम हवा आली की दोष केबलचाच. ती क्लिपमध्ये परत बसवली की झालं.

बटणांच्या ऑटोमॅटिक एसीत केबलच्या जागी छोटी मोटर असते. गाडी सुरू करताना डॅशबोर्डमागे टक-टक-टक असा आवाज येत असेल तर तिचा प्लॅस्टिकचा दाता तुटलाय. काही वेळा बॅटरी बदलल्यावर मोटरला जागा सापडत नाही. अशा वेळी मॅन्युअलमध्ये रिसेटची पद्धत दिलेली असते, ती आधी करून बघा.

हवा गरम आहे पण येतेच थोडी, अशी तक्रार असेल तर केबिन फिल्टर काढून बघा. बहुधा ग्लोव्ह बॉक्समागे असतो, आणि कासच्या रस्त्यावरची धूळ-पानं त्यात वर्षानुवर्षं साठलेली असतात. पंखा फक्त शेवटच्या वेगावर चालत असेल तर त्याचा वेग कमी-जास्त करणारा रेझिस्टर गेलाय.

काच साफ करायला हीटर लावताना एसीही चालू ठेवा, हवा काचेकडे आणि बाहेरची हवा घेणारा खटका उघडा. एसी हवेतली ओल काढतो, कॉइल तीच हवा गरम करते. आतली हवा फिरवत ठेवली तर केबिन लवकर उबदार होतं, पण पावसात सगळ्यांच्या श्वासाची वाफ काचेवरच बसते.

गाडीत गोडसर वास, काचेवर आतून तेलकट थर, आणि डावीकडचं कार्पेट ओलं, तर कॉइल गळतेय. तिथे एसीचंही पाणी साचतं, पण ते बिनवासाचं आणि स्वच्छ असतं. कूलंट बोटांत बुळबुळीत लागतं आणि रंगीत असतं. कॉइल बदलेपर्यंत बोनेटखालचे दोन्ही होज एकमेकांना जोडून तिला वगळता येतं. हीटर मिळणार नाही, पण पाणी वाचेल.

इलेक्ट्रिक गाडीला यातलं बहुतेक काही लागू नाही. तिथे हवा तापवायला पीटीसी म्हणजे विजेवरचा हीटर असतो किंवा हीट पंप, आणि त्याला मुख्य बॅटरीचा शेकडो व्होल्टचा करंट जातो. केबिन फिल्टर आणि बारा व्होल्टचे फ्यूज एवढंच तपासा. नारिंगी आवरणाच्या वायरला हात लावू नका.

परत भरताना

छोट्या पेट्रोल गाडीत सगळं मिळून चार-पाच लिटर कूलंट मावतं, मोठ्या डिझेल गाडीत त्याच्या दुप्पट लागू शकतं. तयार मिसळलेलं घेतलं तर तसंच ओता. घट्ट घेतलं तर मॅन्युअलमधल्या प्रमाणात, बहुधा निम्म्यास निम्मं, डिस्टिल्ड पाणी घाला. रंगावर जाऊ नका. हिरवं, लाल, निळं हे कंपनीगणिक बदलतं. डब्यावर लिहिलेली जात मॅन्युअलशी जुळली पाहिजे, आणि दोन जाती मिसळल्या तर काही वेळा जेलीसारखा गाळ होतो. तो कुठे अडकणार ते वर आलंच आहे.

काढलेलं जुनं कूलंट गटारात किंवा अंगणात ओतू नका. ते चवीला गोड आणि विषारी असतं, कुत्री आणि जनावरं चाटतात. झाकणाच्या कॅनमध्ये भरून गॅरेजला द्या.

काम झाल्यावर गाडी वीस-पंचवीस किलोमीटर फिरवा, रात्रभर थंड होऊ द्या आणि सकाळी सुरू करण्याआधी पातळी बघा. पाव-अर्धा लिटर कमी झालेलं असतं, कारण राहिलेली हवा निघून जाते. तेवढं भरा आणि पुढच्या दोन सकाळी पुन्हा बघा. तिसऱ्या सकाळीही पाणी कमीच दिसलं तर गळती अजून आहे, आणि शोध पाण्याच्या पातळीपासून पुन्हा सुरू करा.